बोजाऱ्यातली फरशी

मुलांनो, तुमच्या आईने फोटो पाठवला. पिवळी जाकिटं घातलेला तुमचा सगळा वर्ग शाळेच्या आसपासच्या गल्ल्या बघायला निघालेला, पुढे बाई, मागे बाई. कुठे रस्ता खचला आहे, कुठे दिवा नाही, ते बघून तुम्ही महापौरांना कळवणार आणि महापौर तुम्हाला उत्तर देणार, असं तिने खाली लिहिलं आहे. वाचून मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. तुमचा नव्हे. एक जुना राग मी धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवला होता. त्या फोटोने घडी मोडली. म्हणून लिहायला बसले आहे.

आमच्या भूगोलाच्या गुरुजींबद्दल लिहायचं आहे. त्यांचं नाव लिहीत नाही आणि गावाचंही लिहीत नाही. गाव वर्धा जिल्ह्यातलं, आर्वीच्या रस्त्यावरचं, आठवडी बाजाराचं. त्या वेळच्या लोकांची नातवंडं तिथे अजून राहतात, आणि आजोबांच्या ओट्याची शिक्षा नातवांना नको.

गुरुजी नकाशा भिंतीवर टांगत नसत. वर्गाच्या सारवलेल्या जमिनीवर पसरत आणि आम्हाला त्यावर उभं करत. म्हणत, "भितीवर लावला का पोट्ट्याइले वाटते, उत्तर वर अन् दक्षिण खाली. मंग म्हंतात, पाणी दक्षिणेले पडते. आपल्या गावचं पाणी कुठी जाते? उत्तरेले. म्हंजे थे भीत चढून जाते का बे?" मी बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरात उभी असे. एकदा तपासणीला आलेले साहेब चिडले, "देशावर पाय देता?" गुरुजी शांतपणे म्हणाले, "साहेब, देश पायाखालीच राह्यते. तुमचा कुठी हाये?"

उंच, हाडकुळे, धोतर बाराही महिने गुडघ्यापर्यंत खोचलेलं. हातात छत्री, ती मी कधी उघडलेली पाहिली नाही. भर पावसात ते भिजत जात आणि छत्रीने चिखलाची खोली बघत. कोणाकडे चहाला गेले की शेवटचा घोट पीत नसत. उठून न्हाणीत ओतत आणि छत्री घेऊन बाहेर धावत, तो कुठून निघतो ते बघायला. आमच्या घरी हे झालं तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसली. बाबांचं बाजारात कापडाचं दुकान होतं, त्यांना गिऱ्हाइकांच्या देखत असले प्रकार आवडत नसत. ते म्हणाले, "हा माणूस चहा प्याले येते का आपली न्हाणी तपासाले?" गावाने त्यांचं नाव नालीमास्तर ठेवलं होतं. नाली म्हणजे गटार. गुरुजींना ते नाव आवडायचं. कोणी हाक मारली तर थांबून विचारत, "बोल. कोणची तुंबली?"

त्या काळी आमच्या जिल्ह्यात हातात झाडू घेण्याची फार हौस होती. ठरलेल्या दिवशी सरपंच आणि प्रतिष्ठित मंडळी शाळेपुढचा रस्ता झाडत. रस्ता झाडणारी बाई पहाटेच तो लख्ख करून जाई, कारण मोठ्या लोकांच्या झाडूला खरी घाण लागलेली चालत नसे. मग झाडायला काही उरत नसे, म्हणून कडुनिंबाची एक फांदी हलवून पानं पाडत. आम्ही रांगेत उभं राहून टाळ्या वाजवायच्या. गुरुजी टाळ्या वाजवत नसत. सरपंचांनी एकदा झाडू त्यांच्यापुढे धरला तर म्हणाले, "कचरा झाडून कुठी जाते, थे पहिले सांगा. मंग झाडतो." सरपंच कापसाचे व्यापारी होते आणि जनपद सभेचे, म्हणजे तेव्हा तालुक्याचा कारभार बघणाऱ्या मंडळाचे, सभासद होते. आमची शाळा जनपदाची होती. म्हणजे गुरुजींची भाकरी त्यांच्या हातात होती, हे गुरुजी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

दर शनिवारी गुरुजी आम्हाला गाव बघायला नेत. गाव म्हणजे देऊळ, बाजार, कापसाचं जिनिंग, असं आम्हाला वाटे. ते न्यायचे घरांच्या मागच्या बाजूला. उभं करून विचारायचे, "हे पाणी कुठी जाते?" सांगता आलं नाही तर त्या पाण्याबरोबर चालत जायचं. नाकाला हात लावायचा नाही.

आमच्या वर्गात कौशल्या होती. आम्ही तिला कौशी म्हणायचो. खालच्या वस्तीतून वरच्या वर्गापर्यंत आलेली ती एकटी मुलगी. तिच्या घरचे आदल्या वर्षी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. ते आता बौद्ध होते. वस्तीने देव सोडले, सण सोडले, आणि गावातून मागून आणणं सोडलं. आमच्या गल्लीला देव सोडल्याचं काही वाटलं नाही, मागणं सोडल्याचा मात्र फार राग आला. इतर तासांना कौशी दाराजवळ बसे. भूगोलाच्या तासाला ती आमच्यात असे, कारण नकाशाला दार नव्हतं.

त्या पावसाळ्यात खालच्या वस्तीत हगवण लागली. कौशीची धाकटी बहीण आडवी पडली. ती वाचली. शेजारच्या घरातलं तान्हं वाचलं नाही. आमच्या गल्लीत म्हणत, "त्याइचं खाणंपिणंच तसं हाये." हे वाक्य मी आमच्या घरात, जेवणाच्या ताटावर ऐकलं आहे.

गुरुजींनी एका शनिवारी किराणा दुकानातून कपड्यांना घालायच्या निळीच्या पुड्या आणल्या आणि बाजारगल्लीच्या नालीत, सरपंचांच्या घराच्या वरच्या अंगाला, ओतल्या. आम्हाला उतारावर जागोजागी उभं केलं. निळं पाणी गल्लीतून शेवटपर्यंत जाऊन नाल्याला मिळायला हवं होतं. तशी नाली बापजाद्यांनी खणलेली होती. पण पाणी सरपंचांच्या दारापर्यंत आलं आणि तिथे वळलं. बोळातून खाली उतरलं, शेतातून गेलं आणि खालच्या वस्तीच्या विहिरीपाशी पोचलं. विहिरीचा काठ एका बाजूला फुटला होता. निळं पाणी त्या फुटक्या काठावरून आत पडताना आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

गुरुजी नाचले. खरंच नाचले, छत्री वर करून. "पाह्यलं? पाह्यलं का?" घागरी घेऊन आलेल्या बाया विहिरीत वाकून बघत होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "मास्तर, आता आज आमी काय प्यावं?"

गुरुजींची छत्री खाली आली. ते त्यांना सुचलंच नव्हतं.

कौशी म्हणाली, "गुरुजी, हे आमाले माहीत होतं. थ्या पाण्याले वास येते. विचारलं असतं तं सांगतलं असतं."

त्या दिवशी गुरुजींनी शेतातल्या दूरच्या विहिरीवरून वस्तीसाठी पाणी वाहिलं. आम्हीही वाहिलं. पण त्यांचा मला पहिल्यांदा राग आला तो त्या दिवशी. माणसाचा हेतू चांगला असला की त्याला विचारायची गरज वाटत नाही, आणि हा रोग मी पुढे पुष्कळ चांगल्या माणसांत पाहिला.

आता पाणी का वळलं ते सांगते. आमच्या गल्लीत प्रत्येकाने घरापुढे ओटा वाढवला होता. संध्याकाळी बसायला, गिऱ्हाइकाशी बोलायला, पोळ्याला बैलांची मिरवणूक बघायला. ओटा वाढवताना खाली नाली येत होती, तर तिच्यावर काळ्या फरश्या टाकल्या. नाली झाकली गेली, गाळ साचला, नाली बुजली. ज्याच्या त्याच्या दारापुढे थोडीशीच बुजली. आमच्याही. सरपंचांचा ओटा सर्वांत मोठा, तिथे ती पार बंद झाली, आणि पाण्याने आपली वाट खाली शोधली. फरश्या उचलून गाळ काढला की पाणी पुन्हा नाल्याला जाणार होतं. एवढंच काम होतं. अर्ज दिले, उत्तर नाही. गुरुजी घरोघर गेले, तर प्रत्येक जण म्हणाला, "पहिले सरपंचाले उचलू द्या."

तेव्हा गुरुजींना युक्ती सुचली. पोळा जवळ आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, तो तुम्ही बघितलेला नाही. मुलं लाकडाचे बैल सजवतात, चाकांवर ओढत दारोदार नेतात. घरातले लोक बैलाला ओवाळतात आणि मुलांना खाऊ नाहीतर पैसे देतात. त्याला बोजारा म्हणतात. तान्ह्या पोळ्याला दारात आलेल्या मुलाला कोणी नाही म्हणत नाही. गुरुजी म्हणाले, "सगळे जाजो. पैसा नोका घेऊ, लाडू नोका घेऊ. प्रत्येक दारी एकच मांगजो. ओट्याची एक फरशी."

वर्ग आनंदाने ओरडला. कौशी उभी राहिली. "मी नाई येत."

"काऊन वं?"

"आमच्या घरी आता पोळा नाई. अन् मी मांगाले नाई येत. आमी मांगणं सोडलं."

"बाई, हे मांगणं नोहे. ही गंमत हाये."

"तुमची गंमत हाये," कौशी म्हणाली. "हीर आमची, घाण त्याइची, अन् मांगाचं आमी? फरशी उचलाची असंन तं बोलवा. पहार घेऊन येतो."

हीर म्हणजे विहीर. गुरुजी नकाशावर बसून राहिले, बहुधा हिमालयावर. मग म्हणाले, "बरं. तू पहार घेऊन येजो." पण युक्ती त्यांनी सोडली नाही.

तान्ह्या पोळ्याला आम्ही निघालो. पहिलं दार आमचंच घेतलं. बाबांनी माझ्या बैलाला गूळ लावला आणि विचारलं, "बोल, काय पाह्यजे?" मी म्हटलं, "ओट्याची एक फरशी." बाबा खो खो हसले. "घे, दोन घे." गल्लीभर तेच झालं. लोक हसले, एकमेकांना हाका मारून सांगू लागले, आणि हसत हसत सगळ्यांनी फरश्या तोंडी देऊन टाकल्या. सरपंच ओट्यावर पाहुण्यांत बसले होते. आम्ही बैलांची रांग लावली. म्हणालो, "काकाजी, बोजारा द्या. एक फरशी." पाहुणे हसू लागले. पाहुण्यांपुढे हात आखडता घेणारे ते नव्हते. मांडीवर थाप मारून म्हणाले, "घेऊन जा रे. सारा ओटा घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पहारी, फावडी, घमेली घेऊन गेलो. कौशी आपल्या घरची पहार खांद्यावर टाकून आली होती. सरपंचांच्या ओट्याची कडेची फरशी तिने आणि मी मिळून उचलली. खाली गाळ नव्हता, दगड झाला होता. वर्षानुवर्षांचं शेण, राख, चिंध्या, सगळं घट्ट बसलेलं. आम्ही खणायला लागलो आणि सरपंच बाहेर आले. त्यांनी पहिल्यांदा फरशीकडे पाहिलं नाही. कौशीकडे पाहिलं. ती त्यांच्या ओट्यावर उभी होती.

पुढचं ओरडणं मी लिहीत नाही. थोड्याच वेळात बाबा आले, माझा दंड धरला आणि म्हणाले, "कालची गंमत काल झाली. चाल घरी." गल्लीतला एकही माणूस म्हणाला नाही की हो, आम्ही दिल्या होत्या फरश्या.

दुपारी शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. सरपंच खुर्चीवर, गावातली मंडळी सतरंजीवर, आम्ही मुलं भिंतीशी, कौशीचे वडील पायरीखाली उभे. सरपंच म्हणाले, "बोजारा म्हंजे खाऊ. घर तोडाची परवानगी नोहे. कोण्या पोट्ट्यानं पहार मारली त्याचं नाव शाळेतून कमी करा."

मी गुरुजींकडे बघत होते. आम्ही सगळेच बघत होतो. तपासणीच्या साहेबाला उत्तर देणारा तो माणूस आता काय बोलेल, याची मला खात्री होती. ते उठले, छत्री भिंतीला टेकवली आणि हात जोडले.

"मालक, पोट्ट्याइले काई समजत नाई. मी सांगतलं, त्याइनं केलं. चूक माही. लेकरं अडाणी हायेत. त्याइच्या वतीनं माफी मांगतो."

आम्हाला वाचवायला म्हणाले, हे मला तेव्हाही कळलं होतं. मला ते समजावून सांगू नका. पण दोन वर्षं ज्याने आम्हाला बघायला शिकवलं त्याने भर सभेत सांगितलं की आम्हाला काही दिसलं नव्हतं. आमचं होतं ते त्याने स्वतःची चूक म्हणून नावावर करून घेतलं. आणि सतरंजीवरचे सगळे चेहरे सैल झाले, कारण आता कोणाला काही करायचं नव्हतं. मास्तर वेडा, पोरं अडाणी, नाली जिथे आहे तिथे.

भिंतीशी हालचाल झाली. कौशी पुढे आली.

"गुरुजी, आमाले समजत होतं," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "तुमची माफी तुमी मांगा. माह्या नावानं नोका मांगू. मी नाई मांगत."

"खाली बस वं पोट्टे," कोणीतरी म्हणालं.

"बसतो. पण पाणी आमच्या हिरीत येते, हे या इथल्या सगळ्याइले माहीत हाये. काकाजी, तुमाले बी माहीत हाये."

सरपंच तिच्याशी बोलले नाहीत. पायरीखाली बघून म्हणाले, "पोरगी लय शिकली तुही." कौशीचे वडील म्हणाले, "हाव मालक. शिकाले पाठवतो तिले." एवढंच बोलले आणि तिला घेऊन गेले.

गुरुजींना नोकरीवरून काढलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी खोली सोडून जायला सांगितलं. कौशीचं नाव शाळेतून कमी झालं. माझं झालं नाही. पहार दोघींच्या हातात होती. मी कापडवाल्याची मुलगी होते आणि ती कौशी होती, दुसरं कारण शोधून सापडणार नाही. त्या हजेरीचा राग मला अजून येतो आणि मला तो जायला नको आहे.

आज त्या गल्लीच्या टोकाला एक दगड आहे. ही नाली अमुक सरपंचांच्या प्रयत्नाने दुरुस्त झाली, असं त्यावर कोरलेलं आहे. मी तो शेवटचा पाहिला तेव्हा त्यावर कोणीतरी चपला वाळत घातल्या होत्या. मी त्या काढल्या नाहीत. तर ते प्रयत्न कसे झाले ते सांगते.

गुरुजी जाणार होते त्या दिवशीची गोष्ट. रात्रभर जोराचा पाऊस झाला होता. सकाळी आमची गल्ली जागी झाली ती वासाने. बाबांनी दार उघडलं तर नालीचं काळं पाणी ओट्याच्या फटींतून वर येत होतं. ओट्यावर होतं, उंबऱ्यावर होतं, सरपंचांच्या बैठकीत गाद्यांखाली होतं. बाजाराचा दिवस, आणि बाबांच्या दुकानातले लुगड्यांचे गठ्ठे खालून भिजलेले. पाणी खाली का जात नाही ते बघायला माणूस पाठवला. तो परत आला आणि दारात उभा राहून सांगू लागला, "खालच्याइनं बांध घातला. शेताच्या कडेला, त्याइच्याच जागेत. माती अन् दगड. बाया, बुडे, पोट्टे, सगळे लागले व्हते. पाणी आता तिकडं नाई जात."

"तोडा तो बांध," बाबा म्हणाले.

"कसा तोडता? जागा त्याइची हाये. अन् सगळे त्याच्यावरच बसून हायेत."

बाबा उंबऱ्यातून आत आले. मग नाकाला रुमाल बांधला आणि कोपऱ्यातली पहार घेतली.

मी मागच्या दाराने निघाले. मोटारस्टँडवर गुरुजी पत्र्याच्या पेटीवर बसले होते, नकाशाची गुंडाळी काखेत. त्यांना पोचवायला गावातलं कोणी आलं नव्हतं. आली होती कौशी. कोपरापर्यंत चिखल, केसांत चिखल, ती थोडी दूर उभी होती.

मी गल्लीत काय झालं ते सांगितलं. गुरुजी आधी ऐकत राहिले, मग हसायला लागले, पेटी हलेपर्यंत हसले. "बांध घातला. लेक हो, बांध घातला. हे इतकं सोपं मले काऊन नाई सुचलं?"

कौशी म्हणाली, "तुमच्या पाण्यात येत नव्हती ना घाण, गुरुजी."

त्यांचं हसू थांबलं. मोटार आली, त्यांची पेटी टपावर चढली, कंडक्टरने हाक दिली. गुरुजी उठले, छत्री घेतली आणि मोटारीकडे पाठ करून खालच्या वस्तीच्या वाटेला लागले. कंडक्टर ओरडला, "मास्तर, पेटी गेली तुमची." ते वळले नाहीत. मोटार त्यांची पेटी घेऊन गेली. आम्ही दोघी मागे धावलो.

बांधावर माणसं बसली होती, त्यांनी जागा दिली. गुरुजी सवयीने छत्रीचं टोक मातीत खुपसायला गेले आणि थांबले. कौशीकडे पाहिलं. "टोचू का?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "नोका टोचू." त्यांनी छत्री काखेत घेतली.

वरून, बाजारगल्लीतून, फरश्या पडल्याचे आवाज येत होते. एक पडली, मग दुसरी, मग पुष्कळ. गुरुजी कान देऊन ऐकत राहिले. जुनी सवय जात नाही, म्हणून शेवटी विचारलंच, "मंग आता पाणी कुठी जाते?"

कौशी पदराने हात पुसत म्हणाली, "थे आता वरचे पाह्यतील."